हृदयाशेजारची गाठ : कापायची कोणती, सोडायची कोणती



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं, त्या डॉक्टरांच्या टेबलावर तुमच्यापैकी निम्मे लोक लहानपणी रडले असतील. त्यांच्या चिठ्ठीवर औषध एक आणि सूचना चार असत, असं इथल्या जुन्या मंडळींनी मघाशी चहाच्या वेळी सांगितलं. तेव्हा माझा आजचा विषय त्यांना परका वाटला नसता. ऐकायला तो भीतिदायक आहे : नवजात बाळाच्या छातीत, हृदयाला लागून किंवा थेट हृदयातच असणाऱ्या गाठी. पण मी बोलणार आहे ते मुख्यतः एकाच प्रश्नावर. अशी गाठ दिसली तर तिच्यावर सुरी चालवायची की नाही, आणि हे ठरवायचं कशावरून?

मी आयुष्यभर लहान मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं केली. सर्जन कापायला उतावीळ असतो असा लोकांचा समज आहे, आणि तो अगदीच खोटा नाही. पण या दुखण्यात निदानाला जेवढी अक्कल लागते, तेवढी कापायला लागत नाही, असं माझं मत होत गेलं. ते पटवून देता येतं का, पाहू.

गाठ म्हटलं की घरच्यांकडून दोन प्रश्न येतात, आणि बहुतेक वेळा ते आजी विचारते. आईवडिलांची वाचा बसलेली असते. "डॉक्टरसाहेब, कॅन्सर तर नाही ना?" आणि लगेच, "काढून टाकता येईल ना?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलासा देणारं आहे. या वयातल्या हृदयाच्या दहा गाठींपैकी नऊहून जास्त गाठी कॅन्सरच्या नसतात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र गाठीगणिक बदलतं. एक गाठ हात न लावता आपोआप विरते. दुसरी वेळेत काढली नाही तर बाळाला काही तासांत घेऊन जाते. गंमत अशी, की पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर दोघींच्या पुढे 'साधी गाठ' असंच लिहिलेलं असतं. छातीत जागाच एवढीशी, की साधी गाठसुद्धा कुठे बसली आहे यावर सगळं अवलंबून.

सुरुवात अशा एका गाठीपासून करतो, जी गाठ नव्हतीच.

छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वरच्या अंगाला, थायमस नावाची ग्रंथी असते. प्रतिकारशक्तीच्या काही पेशी तिथे तयार होतात. नवजात बाळात ती चांगली मोठी असते आणि वय वाढतं तशी आक्रसत जाते. एक्स-रेमध्ये तिची सावली हृदयाच्या सावलीला चिकटून दिसते, कधी एका बाजूला त्रिकोणी पसरलेली. आजही एखाद्या तालुक्याच्या गावाहून बाळ येतं, सोबतच्या पत्रात 'छातीत गाठ' असं लिहिलेलं असतं, आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केल्यावर निघतो तो धडधाकट थायमस. घरच्यांचा जीव प्रवासभर टांगणीला लागलेला असतो, बाकी नुकसान काही नाही.

शंभर वर्षांपूर्वी मात्र नुकसान झालं, आणि मोठं झालं. अचानक दगावलेल्या बाळांच्या शवविच्छेदनात डॉक्टरांना थायमस मोठा दिसे. व्हिएन्नाच्या पालटाउफ यांनी १८८९ साली यावरून एक रोगच ठरवला. गोम होती ती तुलनेत. 'नेहमीचा' थायमस केवढा, हे ज्या प्रेतांवरून ठरवलं गेलं होतं, ती बहुतेक गरिबाघरची, दीर्घ आजाराने झिजलेल्या माणसांची होती. आजारपणात थायमस भराभर आटतो, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. म्हणजे ज्याला मोठा म्हटलं, तो निरोगी थायमस होता. सिनसिनाटीचे अल्फ्रेड फ्रीडलँडर यांनी १९०७ मध्ये एका बाळाच्या थायमसवर क्ष-किरण सोडून तो लहान करून दाखवला, आणि पुढची काही दशकं अमेरिकेत हजारो चांगल्या बाळांच्या छातीवर किरण सोडले गेले. ब्रिटनमधल्या चौकशी समितीने १९३१ मध्ये या रोगाला पुरावा नसल्याचं सांगितलं, तरी ते थांबलं नाही. १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या डफी आणि फिट्झजेराल्ड यांनी थायरॉइडचा कॅन्सर झालेल्या २८ मुलांची माहिती छापली. त्यांतल्या १० जणांना तान्हेपणी थायमसवर किरण दिलेले होते.

नव्या निवासी डॉक्टरांना मी हा इतिहास आधी सांगतो आणि ऑपरेशनं नंतर शिकवतो. त्या काळचे डॉक्टर मूर्ख नव्हते, निर्दयही नव्हते. 'काहीतरी दिसतंय, तर काहीतरी केलं पाहिजे' एवढ्याच ओढीने ते गेले. ती ओढ माझ्याही हातात आहे, आणि समोर हवालदिल आईबाप उभे असले की ती दुप्पट होते.

आता खऱ्या गाठींकडे येऊ.

नवजात बाळाच्या हृदयात सर्वांत जास्त सापडते ती रॅब्डोमायोमा. निम्म्याहून जास्त गाठी याच. ती हृदयाच्या स्नायूतच उगवते, बहुधा एकीला दोन-चार बहिणी असतात, आणि इकोमध्ये गोल, पांढरट, एकसारखी दिसते. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत ती पुष्कळदा दिसतच नाही, आणि तिसाव्या आठवड्याला एकदम दिसते. मग घरचे पहिल्या सोनोग्राफीवाल्याला बोल लावतात. त्या बिचाऱ्याचा दोष नसतो. ही गाठ पोटात असतानाच वाढते. जन्मानंतर मात्र आटायला लागते, आणि काही महिन्यांत किंवा दोन-चार वर्षांत बहुतेक नाहीशी होते.

म्हणून इथे सर्जनने हात खिशात ठेवायचे. अपवाद असतात. गाठ नेमकी रक्त बाहेर पडायच्या वाटेवर, झडपेच्या तोंडाशी बसली असेल, किंवा ठोक्यांची लय पार बिघडवत असेल, तर ऑपरेशन करावं लागतं. डाव्या बाजूची वाट बंद झाली असेल तर प्रोस्टाग्लँडिनचं ठिबक लावून गर्भातली जुनी रक्तवाहिनी उघडी ठेवता येते, तेवढी सवड मिळते. ऑपरेशन केलंच तर वाट मोकळी करण्यापुरता तुकडा काढायचा. उरलेली गाठ निसर्ग आटवणार आहे हे माहीत असताना ती खणून काढायला जाणं म्हणजे हृदयाचा स्नायू आणि विजेच्या वाटा विनाकारण तोडणं. मी विद्यार्थी असताना 'पूर्ण काढली' हे वाक्य अभिमानाने म्हटलं जाई. या गाठीपुरतं तरी ते आता कौतुकाचं राहिलेलं नाही.

पण रॅब्डोमायोमा दिसला, की खरी चिंता दुसरीकडे असते. १८६२ साली जर्मनीत फॉन रेकलिंगहाउझेन यांनी एका नवजात मृत बाळाच्या हृदयात गाठी पाहिल्या आणि त्याच बाळाच्या मेंदूत टणक झालेले भागही पाहिले. १८८० मध्ये पॅरिसच्या बूर्नव्हिल यांनी मेंदूच्या त्या आजाराला ट्युबरस स्क्लेरोसिस हे नाव दिलं. अनेक रॅब्डोमायोमा असलेल्या बाळांपैकी बहुतेकांना हा आजार असतो. पहिल्या वर्षातच आकडी येऊ लागते, अंगावर पांढरे चट्टे दिसतात, पुढे मूत्रपिंडातही गाठी होऊ शकतात. हृदयातली गाठ विरते आणि मेंदूचं दुखणं राहतं. तेव्हा इको करणाऱ्याने 'काळजी नको, आपोआप जाईल' असं म्हणून त्या घराला मोकळं सोडलं, तर त्याने अर्धंच सांगितलं. बाळाला मेंदूविकारतज्ज्ञाकडे पाठवायचं, आकडीची वाट न पाहता ईईजी, म्हणजे मेंदूचा विद्युत-आलेख, करत राहायचं. पहिल्या महिन्यांत लवकर पकडलेली आकडी आणि उशिरा पकडलेली आकडी यांत त्या मुलाच्या पुढच्या शिकण्या-बोलण्याचा फरक पडतो.

आणि इथेच घरगुती अदालत बसते. एका आजींनी मला शांतपणे सांगितलं, "हिनं ग्रहणात भाजी चिरली होती." सून मान खाली घालून बसलेली. मी म्हटलं, "आजी, या आजाराची दोन जनुकं माहीत आहेत. एक १९९३ मध्ये सापडलं, दुसरं १९९७ मध्ये. तीन मुलांमागे दोघांत हा बदल पहिल्यांदा त्या मुलातच झालेला असतो, आईकडून नाही नि बापाकडूनही नाही. उरलेल्या एकात तो आईकडून येतो, तसा बापाकडूनही येतो." आजी विचारात पडल्या. मग मुलाकडे बघून म्हणाल्या, "मग याचीपण तपासणी करा." न्याय झाला.

त्या जनुकांचा औषधाशी संबंध आहे, आणि त्या औषधाची कथा सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९६४-६५ मध्ये एक कॅनडियन पथक पॅसिफिक महासागरातल्या रापा नुई बेटावर गेलं, ज्याला आपण ईस्टर आयलंड म्हणतो. तिथली माती माँट्रिअलच्या आयर्स्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत आली. तिथे सुरेंद्रनाथ सेहगल नावाचे शास्त्रज्ञ काम करत होते. जन्म आता पाकिस्तानात असलेल्या खुशाबचा, शिक्षण बनारस हिंदू विश्वविद्यालयात. त्या मातीतल्या जिवाणूपासून त्यांनी एक रसायन वेगळं केलं आणि बेटाच्या नावावरून ते रॅपामायसिन झालं. बुरशी मारायला ते शोधत होते, ते प्रतिकारशक्ती दाबणारं निघालं. पुढे कंपनीने माँट्रिअलची प्रयोगशाळा बंद केली, काम गुंडाळलं. सेहगलांनी तो जिवाणू घरी नेऊन फ्रीजरमध्ये जपला आणि काही वर्षांनी वरिष्ठांच्या मागे लागून काम पुन्हा सुरू करवलं. १९९९ मध्ये मूत्रपिंड-रोपणासाठी औषधाला अमेरिकेत परवानगी मिळाली. ट्युबरस स्क्लेरोसिसमध्ये पेशींच्या वाढीचा जो लगाम सुटलेला असतो, नेमका तोच हे औषध ओढून धरतं, हे नंतर उमगलं. त्याच्याच कुळातलं एव्हरोलिमस २०१० पासून या आजारातल्या मेंदूच्या गाठींसाठी वापरात आहे.

मग कुणीतरी ते हृदयातल्या गाठीसाठी वापरून पाहिलं. वाट अडवणाऱ्या, ऑपरेशनला अवघड अशा रॅब्डोमायोमा काही आठवड्यांत आक्रसल्याची वर्णनं एकामागून एक येत गेली. औषध बंद केल्यावर गाठ पुन्हा थोडी वाढते, असंही दिसलं. प्रतिकारशक्ती दाबली जात असल्याने जंतुसंसर्गाची भीती असते, रक्तातली पातळी सारखी तपासावी लागते. आपोआप विरणाऱ्या गाठीला ते सरसकट देऊ नये या मताचा मी आहे. पण जिथे मी आणि माझे सहकारी एखाद्या अडीच किलोच्या बाळाचं डावं निलय, म्हणजे हृदयाचा खालचा डावा कप्पा, उघडायच्या विचारात पडलो असतो, तिथे आता आधी एक गोळी पाण्यात विरघळवून देता येते. एका सर्जनचं काम असं कमी होतं आणि त्याचं त्याला वाईट वाटत नाही.

फायब्रोमाचं थोडक्यात सांगतो. ही एकटी असते, निलयाच्या भिंतीत किंवा पडद्यात बसते, मध्यभागी चुना साठतो आणि ती विरत नाही. घातक लय निर्माण करते, त्यामुळे पुष्कळदा काढावी लागते. काही वेळा ती एवढी मोठी असते, की काढल्यावर उरलेलं हृदय पुरत नाही. हृदयाबाहेर, मणक्याच्या कडेला न्यूरोब्लास्टोमा असू शकतो. श्वासनलिकेजवळ जन्मजात पिशव्या असतात, लसिकावाहिन्यांच्या गाठी असतात. त्या प्रत्येकीचं शास्त्र वेगळं, आज त्यात शिरत नाही.

कारण मला वेळ हवा आहे तो हृदयावरणातल्या टेराटोमासाठी.

हृदयाभोवती एक पिशवी असते, पेरिकार्डियम, तिला हृदयावरण म्हणू. तिच्या आत, महाधमनी हृदयातून जिथे निघते तिथे, एका देठाने लटकलेली ही गाठ असते. बहुधा उजव्या अंगाला. तिच्यात काहीही सापडतं : कूर्चा, श्लेष्मा भरलेल्या पिशव्या, आतड्यासारखं अस्तर, मेंदूसारखी ऊती. गर्भाच्या सुरुवातीला प्रजननपेशी शरीराच्या मध्यरेषेवरून प्रवास करत आपल्या जागी जातात. त्यांतल्या काही वाटेत चुकतात आणि त्यांच्यातून ही गाठ होते, असं मानलं जातं. लोक विचारतात, "जुळं होतं का ते?" नव्हतं.

१८९० मध्ये योएल यांनी तिचं पहिलं वर्णन केलं, तेव्हा आणि नंतरही कितीतरी वर्षं ती फक्त शवविच्छेदनात भेटत होती. जिवंत माणसातून ती यशस्वीपणे काढल्याचं वर्णन १९४२ मध्ये क्लीव्हलँडच्या क्लॉड बेक यांनी छापलं. तेव्हा हार्ट-लंग मशीन नव्हतं, ते गिबन यांनी फिलाडेल्फियात वापरलं १९५३ साली. इकोही नव्हता. स्वीडनच्या एडलर आणि हर्ट्झ यांनी जहाजाच्या कारखान्यातलं धातूची तपासणी करायचं ध्वनियंत्र उसनं आणून हृदयावर धरलं, तेही १९५३ मध्येच. म्हणजे बेक जवळजवळ आंधळेपणाने आत गेले होते.

ही गाठ जीव घेते ती पाण्याने. तिच्या पृष्ठभागावरून द्रव पाझरतो आणि हृदयावरणात साठत जातो. पिशवी ताणायला मर्यादा असते. मग हृदय चारी बाजूंनी दाबलं जातं, ठोक्याठोक्यामध्ये त्यात रक्त भरतच नाही. या अवस्थेच्या तीन खुणा याच बेक यांनी १९३५ मध्ये सांगितल्या आणि प्रत्येक एमबीबीएसने त्या पाठ केलेल्या असतात : रक्तदाब खाली, मानेच्या शिरा फुगलेल्या, ठोके दबलेले. नवजात बाळात त्यांचा फारसा उपयोग नाही. बाळाला मान दिसतच नाही, शिरा कुठून दिसणार! दिसतं ते एवढंच, की बाळ धापा टाकतंय, फिकट पडलंय, यकृत हाताला लागतंय. एक्स-रेमध्ये हृदय प्रचंड मोठं.

आणि इथे एक धोका आहे, तो सभागृहातल्या डॉक्टरमंडळींसाठी मुद्दाम सांगतो. मोठं हृदय आणि धाप दिसली, की हात सवयीने लॅसिक्सकडे, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या औषधाकडे, जातो. हृदय कमजोर होऊन फुगलं असेल तर ते बरोबर. पण भोवतीच्या पाण्याने दाबलं गेलेलं हृदय, शिरांमध्ये रक्त भरपूर आहे म्हणून कसंबसं चाललेलं असतं. लघवीवाटे शिरांमधलं पाणी काढून टाकलं तर उरलासुरला दाबही जातो. बाळ टेबलावरच ढासळतं. एक्स-रे आणि लॅसिक्स यांच्यामध्ये इकोचा प्रोब आलाच पाहिजे, आणि पाणी आहे की नाही एवढं बघायला हृदयरोगतज्ज्ञच लागतो असं नाही.

रक्ताच्या तपासणीत अल्फा-फीटोप्रोटीन बघतात, कारण टेराटोमात कुठे घातक भाग असेल तर ते वाढतं. पण निरोगी नवजात बाळातही ते पन्नास हजारांच्या घरात असू शकतं, मोठ्या माणसात दहाच्या आत असतं. पहिलं वर्ष सरत आलं की मग ते तिथवर उतरतं. मोठ्यांच्या मोजपट्टीवर छापलेला रिपोर्ट लाल अक्षरात येतो आणि वडील तो मोबाइलवर वाचून हादरतात. एका आकड्याला अर्थ नाही. तो ठरावीक चालीने उतरतो की नाही, हे बघायचं.

आता ऑपरेशन थिएटरमध्ये चला. एका बाळाचं सांगतो, नावगाव सोडून. आईला सोनोग्राफीत गाठ आणि पाणी दोन्ही दिसलं होतं, ती वेळेवर आमच्याकडे आली, प्रसूती पलीकडच्याच मजल्यावर झाली. वजन २.८ किलो. एवढ्या बाळाच्या अंगात रक्त असतं सव्वादोनशे मिलिलिटरच्या आसपास. अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी असते ना, तिच्या निम्म्याहूनही थोडं कमी. माझ्या हातून दोन चमचे रक्त सांडलं, तर त्या घरातल्या मोठ्या माणसाच्या हिशेबाने ते पाव लिटरच्या जवळपास जातं.

सर्वांत धोक्याची वेळ सुरी लावण्याआधीची असते, भूल देतानाची. मोठ्या माणसाला भूल देतात तशी दिली, स्नायू सैल केले, श्वास मशीनवर घेतला, की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे येणारं रक्त आणखी कमी होतं आणि गाठ श्वासनलिकेवर बसते. म्हणून आमच्या भूलतज्ज्ञ बाईंनी बाळाला थोडं उठतं ठेवलं, केटामाइन दिलं, त्याचा स्वतःचा श्वास चालू ठेवला, आणि मला सांगितलं, "आधी पाणी काढा, मग मी झोपवते." इकोवर बघत, जागा बधिर करून, उरोस्थीच्या खालून सुई घातली. फिकट पिवळं, स्वच्छ पाणी आलं. मॉनिटरवरचा रक्तदाब पहिल्या सिरिंजलाच चढायला लागला. थिएटरमध्ये कुणी बोलत नव्हतं, फक्त सिस्टर मोठ्याने आकडे वाचत होत्या.

मग छातीचं मधलं हाड उघडलं. समोर येतो तो थायमस, मघाचा आपला निरपराध. त्याचा काही भाग बाजूला करावा लागतो. हृदयावरण उघडलं, की जे दिसतं त्याची सवय कधी होत नाही. नवजात बाळाचं हृदय असतं वीस-पंचवीस ग्रॅमचं, आणि त्याच्यापेक्षा मोठी, उंचसखल, कुठे निळसर पिशव्या कुठे पांढरं टणक अशी गाठ त्याला डावीकडे ढकलून बसलेली. महाधमनी आणि वरून येणारी मोठी शीर यांच्या मधल्या खाचेत ती रुतलेली होती. उचलली की शीर मुरगळते आणि दाब पडतो. सिस्टर आकडा सांगतात, मी गाठ परत खाली ठेवतो, थांबतो, पुन्हा उचलतो. मोठी पिशवी सुईने रिकामी केली, तेव्हा हालचालीला जागा झाली. कडेने फ्रेनिक मज्जातंतू जातो, तो दुखावला तर श्वासपटल लुळं पडतं. खाली उजवी हृदयधमनी आहे, तिची जाडी एक-दीड मिलिमीटर. आणि गाठीचा देठ चिकटलेला असतो महाधमनीच्याच बाहेरच्या थराला. त्यातून गाठीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या थेट महाधमनीच्या भिंतीतून येतात. ओढलं तर महाधमनीला भोक पडणार, लांबून कापलं तर गाठीचा अंश राहणार. भिंग लावून, एकेक वाहिनी बांधत, भिंतीच्या कडेकडेने जायचं, एवढंच त्यातलं कसब आहे. हार्ट-लंग मशीन रक्त भरून शेजारी तयार ठेवलेलं होतं. ते लागलं नाही. बहुतेक वेळा लागत नाही, पण तयार नसताना मी सुरुवात करणार नाही.

दाबातून सुटलेलं हृदय कधी सुजतं, तेव्हा छाती एक-दोन दिवस उघडीच ठेवून वर पडदा शिवतो. याला तशी गरज पडली नाही. पूर्ण निघालेला पक्व टेराटोमा सहसा परत येत नाही. गाठ अपक्व असेल तर जास्त लक्ष ठेवावं लागतं, आणि काही वर्षं अल्फा-फीटोप्रोटीन आणि इको करत राहायचं. पालक पहिल्या वाढदिवसानंतर यायचे बंद होतात, ही आमची नेहमीची तक्रार.

हे सगळं साधलं, कारण गाठ जन्माआधी कळली होती. पोटात पाणी वाढतं तेव्हा गर्भाच्या सर्वांगाला सूज येऊ लागते आणि मग फार वेळ नसतो. दिवस भरत आले असतील तर प्रसूती करून बाळ बाहेर घेतात. त्याआधीच्या आठवड्यांत आईच्या पोटातून सुई घालून गर्भाच्या हृदयाभोवतीचं पाणी काढता येतं, त्यावर काही आठवडे मिळतात. सगळे उपाय थकले तेव्हा गर्भाशय उघडून, गर्भाची छाती उघडून गाठ काढून गर्भ परत आत ठेवण्याचं धाडस फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयात झालं, आणि २०२१ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये सुमारे सव्विसाव्या आठवड्यात झालं. त्या बाळाचा जन्म पुढे दहा आठवड्यांनी झाला. क्लीव्हलँड हे बेक यांचंच शहर. वृत्तपत्रांनी या बातम्या चमत्कार म्हणून छापल्या. असा प्रयत्न आईच्या जिवालाही घोर लावणारा असतो, आणि जिथे वेळेवर केलेल्या सुईने भागतं तिथे तो करण्याचं कारण नाही.

आपल्याकडची अडचण निराळी आहे. विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी होते, पुढची होत नाही, किंवा वजन-पाण्यापुरती होते. या गाठी नेमक्या त्याच काळात वाढतात. गाठ उशिरा दिसली, की दुसरा गोंधळ सुरू होतो. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. चोवीस आठवड्यांनंतर गर्भात गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. तिकडे धावपळ करणाऱ्या जोडप्यांपैकी काहींना आपल्या बाळाच्या गाठीचं नावही कुणी सांगितलेलं नसतं. निर्णय त्यांचा आहे आणि त्यात मी पडत नाही. माझी तक्रार एवढीच, की 'ट्यूमर' या एका शब्दावर तो घेतला जाऊ नये. विरणारा रॅब्डोमायोमा, त्यामागचा मेंदूचा आजार, एका ऑपरेशनने सुटणारा टेराटोमा, या तीन अगदी वेगळ्या बातम्या आहेत. त्यांतली आपली कोणती, हे त्या बाईला कळण्याचा हक्क आहे.

म्हणून सोनोग्राफी करणाऱ्या माझ्या मित्रांना विनंती : गर्भाच्या छातीत गाठ दिसली, तर रिपोर्टमध्ये ती एक आहे की अनेक, हृदयाच्या आत आहे की बाहेर, आणि भोवती पाणी आहे का, या तीन गोष्टी लिहाच, आणि त्याच आठवड्यात फीटल इकोसाठी, म्हणजे गर्भाच्या हृदयाच्या सोनोग्राफीसाठी, पाठवा. नंतर दर आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा बघा, कारण पाणी झपाट्याने वाढतं. प्रसूतितज्ज्ञांना विनंती, की पाणी असलेल्या गाठीची प्रसूती आपल्या गावात करण्याचा मोह टाळा. जन्मल्यावर नळ्या लावून बाळ रुग्णवाहिकेतून तीनशे किलोमीटर नेण्यापेक्षा, आईला आधीच जिथे बालहृदय शस्त्रक्रिया होते तिथे पाठवणं कितीतरी सुरक्षित आहे. आणि इथे बसलेल्या आजी-आजोबांना सांगणं असं, की तुमच्या घरात असा रिपोर्ट आला, तर सुनेला ग्रहणाचं विचारू नका. गाठीचं नाव काय, ते डॉक्टरांना विचारा, आणि नाव कळेपर्यंत काढा किंवा ठेवा असा कोणताही हट्ट धरू नका.